टोपी न काढणारा माणूस

मला पहिल्यापासून जीभ लांब. आई म्हणायची, हिला सासू मिळो ती बहिरी मिळो. सासू बहिरी नव्हती, पण तिला माझं फार दिवस ऐकावं लागलं नाही. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा विषमज्वरानं गेला, मी माहेरी परत आले आणि थोरल्या भावानं चारचौघांचे टोमणे खात मला पुण्याला नर्सचं शिक्षण दिलं. ते संपल्यावर मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणांसाठी माझी नेमणूक झाली. लढाई सुरू झालेली होती. पेट्रोल मिळेनासं झालं होतं, कल्याणहून येणाऱ्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती आणि चढ आला की उतारू खाली उतरून चालत. त्या मोटारीतून मी एक ट्रंक, एक वळकटी आणि ती लांब जीभ घेऊन उतरले.

जिभेचा तिथे उपयोग झाला. "बाय, लवकर चला, बायकोला कळा सुरू झाल्या," असं म्हणत एखादा माणूस दारात येई आणि मग खांबाला टेकून निवांत उभा राही. मी म्हणे, "तुम्हाला सुरू झाल्या असत्या तर खांब सोडला असतात." तो गोंधळे, मग हसे, आणि घाबरलेला माणूस एकदा हसला की वाट दाखवायला बरा पडे. डॉक्टर म्हणत, आमच्या बाई औषध कमी आणि बोलणं जास्त देतात. गावात माझं नाव झालं. नर्सबाय बोलते भारी, असं लोक एकमेकांना सांगत. ते कानावर आलं की मला बरं वाटे. पण खोलीचं कुलूप काढून आत शिरले की ते बरं वाटणं कुठे जाई, कळत नसे.

खोली दवाखान्याच्या मागे होती. पुढे शेणानं सारवलेली ओटी, आत चूल, खाट आणि खुंटीला अडकवलेली माझी पांढरी पातळं. त्या ओटीच्या वर, दोन वर्षांत, गावातली एकही बाई आली नाही. कोणी वाईट वागत असे असं नाही. वाटेत भेटल्या की थांबत, पोरं दाखवत, काखेतल्या टोपलीतली काकडी काढून हातावर ठेवत. पण विधवा, त्यातून सरकारी, त्यातून वरच्या जातीची. मी कुठल्या चुलीपाशी बसायची हे त्यांना कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं.

सगळ्यांत जास्त माझ्या मनाला बारसं लागे. ज्या घरात मी मूल हातावर घेतलं, त्याच्या तोंडातला चिकटा काढून त्याला रडवलं, त्या घरातून बाराव्या दिवशी पाळण्याची गाणी ऐकू येत. विधवेनं पाळण्याला हात लावू नये, तेव्हा मला बोलावणं नसे. दुसऱ्या दिवशी घरातला कोणीतरी माणूस येऊन नारळ आणि ओंजळभर तांदूळ माझ्या ओटीच्या कडेवर ठेवी आणि खालूनच हाक मारी. "ठेवलाय हां, बाय." मी आतून म्हणे, "तुमच्या नारळांनी माझं दुकान झालं. आता शेंडीचे दोर वळायला लागते." तो हसत निघून जाई. मी त्या नारळांचं खोबरं वाळवून वाळवून कंटाळले होते. शेवटी एका उन्हाळ्यात मी डॉक्टरांना सांगून बदलीसाठी अर्ज केला. कुठेही पाठवा म्हटलं.

ते पुस्तक मी कल्याण स्टेशनात घेतलं. भावाला भेटून परत येताना मोटारीला उशीर होता, म्हणून फलाटावरच्या गाड्यावरून उचललं. खासगी गुप्तहेराची कादंबरी. मुखपृष्ठावर एक माणूस, डोळ्यांपर्यंत ओढलेली टोपी, हातात पिस्तूल. सुशिक्षित बायकांनी वाचू नये असं ते पुस्तक होतं, आणि मला ते पहिल्या पानापासून आवडलं.

मुंबईतल्या जुगारअड्ड्यांची आणि अफूची एक टोळी, तिचा एक शेट, आणि त्या टोळीनं पळवलेली एका व्यापाऱ्याची मुलगी. पोलीस शेटच्या खिशात. तेव्हा व्यापारी या खासगी हेराकडे येतो. हा एका इराण्याच्या हॉटेलावरच्या खोलीत एकटाच राहतो आणि कोणालाही सरळ उत्तर देत नाही. टोळीतला एक जण त्याला म्हणतो, तुला समुद्रात बुडवीन. हा म्हणतो, बुडवा, पण भरती बघून. ओहोटीला चिखल फार, बूट खराब होतात. शेट विचारतो, मरणाची भीती वाटत नाही का रे? हा म्हणतो, वाटते, पण आज शनिवार. शनिवारी मी नवीन काही सुरू करत नाही. मार खातो आणि पुन्हा बोलतो. मी ओटीवर बसून एकटीच मोठ्यानं हसत असे. इतक्या दिवसांनी माझ्यासारखं बोलणारं कोणी मला भेटलं होतं.

श्रावण लागला होता. भाताची आवणी उरकली होती आणि बायकांना दुपारचा थोडा वेळ मिळू लागला होता. एका दुपारी गावची जुनी सुईण आपल्या नातसुनेला घेऊन आली. नातसुनेला दिवस भरत आले होते. ही म्हातारी माझ्यावर नाखूश असणार हे मी धरूनच चालले होते. तिच्या हातची बाळंतपणं सरकारनं माझ्या हाती दिली होती. मी पोरीला तपासलं, सगळं ठीक आहे म्हटलं. म्हातारी उठली नाही. ओटीच्या पायरीवर बसून राहिली.

"वाटेवरून हासनं ऐकू येत होता," ती म्हणाली. "कोनावर हासत होता एकल्या?"

मी पुस्तक दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, पिस्तूलवाल्याकडे पाहिलं.

"पोथी?"

"नाही हो आजी. गोष्ट आहे. चोरांची."

"शेवटी वाईटाचा नास होतो का?"

"होत असणार. अजून वाचून झालं नाही."

"मंग पोथीच," म्हातारी म्हणाली.

त्यामागे कारण होतं. दर श्रावणात त्यांच्या आळीत एक जण पोथी वाचत असे. तो त्या वर्षी लष्करी डेपोत कामाला लागला होता आणि आलाच नव्हता. श्रावण पोथीवाचून जाणार याची बायकांना हुरहूर होती. बाईनं पोथी वाचावी का, विधवेनं वाचावी का, यावर त्यांच्यात काही बोलणं झालं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. दुसऱ्या दुपारी म्हातारी, नातसून, वाण्याची बायको आणि आळीतल्या आणखी चार-पाच जणी माझ्या ओटीवर चढल्या. पायरी ओलांडून वर आल्या. मी आत जाऊन उगाच पाण्याचा तांब्या भरत बसले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

वाचायच्या आधी वाणिणीनं पाट मांडला, पाटावर पुस्तक ठेवलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचं बोट टोपीवर पडलं. मग तिनं सगळ्या सवाष्णींना लावलं. म्हातारी विधवा, ती आपणहून मागे सरकली. मीही सरकले. पिस्तूलवाल्याला कुंकू मिळालं आणि आम्हा दोघींना मिळालं नाही, असं मनात आलं, आणि लगेच ते मी विनोद करून बोलूनही टाकलं. सगळ्या हसल्या. म्हातारी हसली नाही. "वाचा आता," ती म्हणाली.

मी वाचत गेले. पुस्तकातली मराठी त्यांना जड जाई तिथे सोपी करून सांगत गेले. पोथीची रीत अशी की रोजचा भाग संपला की त्याचा अर्थ बोलायचा. तेव्हा रोज अर्धा तास वाचन आणि तासभर अर्थ. त्यांनी त्या हेराचं नाव टोपीवाला ठेवलं आणि त्याच्याबद्दल जी काही मतं दिली, ती मी त्यानंतर कोणत्याही शहाण्या माणसाकडून ऐकली नाहीत.

वाणिणीला तो अजिबात आवडला नाही. माणूस येतो, विचारतो, आणि हा वाकडं उत्तर देतो. गिऱ्हाईकाशी असं बोललं तर दुकान बंद पडेल, असं तिचं म्हणणं. उलट टोळीच्या शेटबद्दल तिला आदर होता. त्याच्या घरी रोज पन्नास माणसं जेवतात असं लिहिलं होतं. "पन्नास पानं उठतात ज्याच्या घरी, तो अगदीच वाईट कसा असेल?" ती म्हणे. त्यावर एक जण म्हणाली, "जंगलाच्या ठेकेदाराच्या घरीपन उठतात. जेवून झाल्यावर विचार त्याना." ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्यांवर तिचा नवरा राबत होता.

एकीला त्याच्या डोक्याची काळजी. दर दोन प्रकरणांनी त्याला कोणीतरी मागून मारत असे आणि तो शुद्धीवर येऊन काहीतरी बोलत असे. "हळद कोन भरतो त्याला?" ती रोज विचारी. मी म्हणे, पुस्तकात दिलं नाही. "मंग लिहिनाऱ्याला कधी लागला नसेल," ती म्हणाली. दुसरीचा धसईच्या बाजारातून बैल हरवला होता. तो मुंबईचा टोपीवाला किती लांब राहतो, याची तिनं दोनदा चौकशी केली. तिला मी पुस्तकातला आणि खरा यातला फरक समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तरी एक कागद टाकून बघा.

नातसून सहसा बोलत नसे. गरोदर पोट सांभाळत भिंतीला टेकून ऐके. एक दिवस तिनं विचारलं, "टोपी कधी काढतो तो?"

आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहू लागलो.

"नाय, घरात आला का मानूस टोपी काढतो. हा शेटच्या घरात गेला, व्यापाऱ्याच्या घरात गेला, हाटेलात गेला. कुठंच काढत नाय."

मी पानं मागे चाळून पाहिली. खरंच, त्यानं ती कुठेही काढली नव्हती. खोलीतसुद्धा टोपी घालूनच खाटेवर पडत असे. लिहिणाऱ्यानं मुद्दाम तसं केलं असेल की विसरला असेल, कोण जाणे. म्हातारी सुपारी कातरत होती. कातरता कातरता म्हणाली, "काढंल कुठं? घरात बोलाला कोन नाय त्याला. दिसभर साठतो, मंग दुसऱ्याच्या दारात सांडतो. लोक म्हनतात बोलतो भारी."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काहीतरी बोलून सुटले असते. मी पुस्तकात मान घालून पुढचं वाचू लागले. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून मी पहिल्यांदाच स्वतःशी कबूल केलं की मी फार एकटी आहे. आजवर त्याला दुसरंच काहीतरी नाव देत होते. नोकरी म्हणत होते, स्वभाव म्हणत होते.

याच सुमारास डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की अर्ज मंजूर झाला, शहापूरच्या दवाखान्यात नेमणूक, भाद्रपद संपायच्या आत हजर व्हायचं. मागितलेली गोष्ट मिळाली की तोंड वाकडं करता येत नाही. मी बरं म्हटलं. नको म्हणायला मला दुपारच्या त्या दीड तासाखेरीज काही कारण नव्हतं, आणि ते कारण सरकारी कागदात बसणारं नव्हतं. बायकांना मी सांगितलं नाही. वाटलं, पोथी पुरी होऊ दे. आणि दुसरंही एक वाटत होतं, ते असं की नातसुनेचं बाळंतपण मधे आहे. तिच्या बारशाला कदाचित मला बोलावतील. एवढ्या माझ्या ओटीवर बसल्यात, बोलावतील. एकदा बोलावलं की मग मी शहापूरला कशीही जाईन, असं मी मनाशी ठरवलं होतं.

नातसुनेला मुलगी झाली. मूल पायाळू होतं. म्हातारी आणि मी, दोघींनी मिळून तिला सोडवलं. म्हातारीचे हात पोटावरून मूल वळवत होते आणि मी खाली होते. आम्ही दोघी फार कमी बोललो. मूल रडल्यावर म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

बाराव्या दिवशी मी सकाळपासून धुतलेलं पातळ नेसून बसले. दवाखान्यात काम नव्हतं. दुपारी पाळण्याची गाणी सुरू झाली. आळी लांब नव्हती, शब्द कळत होते. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीचा नातू आला आणि ओटीच्या कडेवर नारळ ठेवला. "ठेवलाय हां, बाय." त्या दिवशी मी नुसतं हूं म्हटलं. म्हातारीला तरी पाळण्यापासून दूर बसायला घरातलं स्वयंपाकघर होतं, हे मनातून जाईना.

बाळंतपणामुळे वाचन थांबलं होतं, पण पोथी मधे सोडायची नसते, म्हणून आठवडाभरानं सगळ्या परत आल्या. नातसूनही मुलीला घेऊन आली, बाळंतिणीनं बाहेर पडायचे दिवस नव्हते तरी. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. समाप्ती म्हणून वाणिणीनं नारळ, फुलं, गूळखोबरं असं सगळं आणलं होतं. मी वाचू लागले.

टोळीचा निकाल लागतो. शेटला बेड्या पडतात. टोपीवाला व्यापाऱ्याच्या मुलीला तिच्या घरी आणतो. घरात दिवे लागलेत, मुलगी सुखरूप आली म्हणून मोठी पंगत बसली आहे, आतून पानं वाढल्याचे आवाज येताहेत. व्यापारी दारात येतो. मुलीला आत घेतो. टोपीवाल्याचा हात हातात घेतो, तुमचे उपकार फिटणार नाहीत म्हणतो. आणि दारातच उभा राहतो. आत प्रतिष्ठित पाहुणे आहेत. टोपीवाला म्हणतो, उपकार राहू द्या, वास छान येतोय, तेवढ्यावर माझं भागलं. टोपी नीट करतो आणि जिना उतरतो. पुढे ओलसर रस्ता, बंद दुकानं, इराण्याच्या हॉटेलावरची खोली. तो दिवा लावत नाही. समाप्त.

मी पुस्तक मिटलं.

"म्हंजे?" बैलवाली म्हणाली. "जेवाला नाय बोलवला?"

"नाही."

"ज्यानं पोर सोडवून आनली त्यालाच?"

"त्यालाच."

"हा काय शेवट झाला?" ठेकेदाराच्या भट्टीवाल्याची बायको रागानं म्हणाली. "टोळीवाल्याच्या घरी पन्नास पानं, आनि या भल्या मानसाच्या घरी एक नाय? दारातून लावला त्याला?" वाणीणसुद्धा म्हणाली की व्यापाऱ्यानं चांगलं केलं नाही, एक पान वाढायला काय जात होतं. सगळ्या एकदम बोलू लागल्या. त्या व्यापाऱ्याला त्यांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नातसून तेवढी मांडीवरच्या मुलीकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला की तिला काय कळलं ते मला कळलं. तिच्या शेजारणीनं तिचं तोंड पाहिलं. एकेक करून बोलणं थांबलं.

समाप्ती व्हायची होती. वाणीण उठली. पोथीला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. रीत अशी की पोथीनंतर वाचणाऱ्याला लावायचं, मग बाकीच्यांना. ती ताट घेऊन वळली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. तिचं बोट कुंकवात होतं. तिला ते मागेही नेता येईना आणि पुढेही आणता येईना. बिचारीचे डोळे भरून आले होते. तिला मी दोष देत नाही, तिच्या जागी मी असते तर मीही तशीच उभी राहिले असते.

"माझं राहू द्या," मी म्हटलं. "टोपीवाल्याला दुप्पट लावा. गोरा आहे, त्याला शोभेल."

सगळ्या सुटल्यासारख्या हसल्या. ताट पुढे गेलं. माझ्या बोलण्याला लोक असे हसत, त्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. म्हातारी हसली नाही. ती मागून म्हणाली, "बाय, तुमी पन जिना उतरलाव."

मग मी बदलीचं सांगितलं. पुस्तक म्हातारीनं मागून घेतलं. पोथी ज्यांनी ऐकली त्यांच्या देव्हाऱ्यात राहते म्हणाली. वाचता त्यांच्यात कोणालाच येत नव्हतं, पण मी दिलं. चार दिवसांनी कल्याणला जाऊन तिथून गाडीनं आसनगाव, आणि पुढे टांग्यानं शहापूर. मोटारीपाशी सगळ्या पोचवायला आल्या होत्या. प्रत्येकीनं काही ना काही दिलं. मोटारीत मला नारळांवर पाय ठेवून बसावं लागलं.

शहापूरला सहा-सात वर्षं काढली. माहुलीचा डोंगर खिडकीतून दिसे. कामाला तोटा नव्हता, थेट उंबरमाळीकडच्या पाड्यांपर्यंत बोलावणी येत. नर्सबाय बोलते भारी, असं तिथेही झालं. पण मी मुरबाडला बोलत होते तशी आता बोलत नव्हते. एखादं उत्तर जिभेवर आलं की म्हातारीची सुपारी कातरायची आठवण येई आणि ते तिथेच राही. ओटीवर तशा बायका पुन्हा जमल्या नाहीत. मी पुस्तकंही आणली, एकदोघींना विचारून पाहिलं, पण तिथे पोथी वाचणारा गावातच होता. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती गेली.

लढाई संपली, स्वातंत्र्य आलं. त्यानंतरच्या एका पौषात म्हसा गावच्या जत्रेत पटकीची लस टोचायला आम्हाला आजूबाजूच्या दवाखान्यांतून बोलावलं. घोंगड्या, बैल आणि धूळ यांत तीन दिवस सुया मारल्यावर परत जाताना मी मुरबाडला उतरले. आळी तशीच होती. म्हातारी ओटीवर उन्हात बसली होती. तिचे डोळे गेले होते.

मी सवयीनं खालीच उभी राहिले. "कोन?" ती म्हणाली. मी सांगितलं. तिनं हात पुढे केला आणि हवेत धरून ठेवला, म्हणून मला वर जावं लागलं.

नातसून आतून आली. पहिल्यासारखी लाजरी राहिली नव्हती. मागोमाग तिची मुलगी आली, पायाळू जन्मलेली. "हीच ती टोपीवाल्याची बाय," नातसून तिला म्हणाली, आणि मला म्हणाली, "रोज सांगाला लागते हिला गोष्ट. आळीतल्या सगळ्या पोरांना पाठ हाय."

"शेवटसुद्धा?" मी विचारलं.

"सांगते ना. पोरगी घरी आनली. व्यापारी दारात आला. म्हनला, आत या, तुमच्याबिगर पान कसा मांडू. मंग त्याला पैल्या पाटावर बसवला."

"तसं नव्हतं."

"तसाच व्हता," म्हातारी ठामपणे म्हणाली. "तुमीच वाचलाव. आन गो पोथी."

नातसुनेनं देव्हाऱ्यातून लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर कुंकवाचा थर इतका चढला होता की पिस्तूल दिसतच नव्हतं. टोपी मात्र थोडी दिसत होती. म्हातारीनं ते चाचपून माझ्या मांडीवर ठेवलं.

"शेवटचा वाचा," ती म्हणाली. "एकदा नीट ऐकू द्या."

आत चुलीवर वालाचं बिरडं शिजत होतं, त्याचा वास ओटीवर येत होता. मी शेवटचं पान काढलं. अक्षरं तीच होती. व्यापारी दारात उभा होता, टोपीवाला जिना उतरत होता. मी छापलेल्या ओळींवर बोट ठेवलं आणि एकेका ओळीवरून ते सरकवत त्याला आत बोलावलं. पहिल्या पाटावर बसवलं. पान मांडलं, भात वाढला, वर बिरडं वाढलं. व्यापाऱ्याची मुलगी त्याला आग्रह करत होती.

म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"टोपी काढली का त्यानं?" तिनं विचारलं.

"काढली," मी म्हटलं.

मग आतून नातसुनेनं पाट मांडल्याचा आवाज आला, आणि म्हातारीनं उठण्यासाठी माझा हात धरला.